हायड्रोजन सल्फाइड आठ महिने वापरून झाला, आता लिहितोय

लॅबमध्ये पेशींवरच्या प्रयोगांसाठी आठ महिने हाच वायू हाताळतोय, आधी चार महिने सोडियम हायड्रोसल्फाइडची पावडर (पाण्यात टाकली की हा वायू देते) आणि मग छोटा सिलिंडर. सगळे आधी वासाचंच विचारतात. हो, सडक्या अंड्यांचाच. पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) शंभराव्या भागाइतका असला तरी बऱ्याच जणांना कळतो. गोची पुढे आहे, तोच वास थोडा वेळ घेत राहिलं की नाक सरावतं आणि १०० पीपीएमच्या पुढे तर नाक पार बधिरच होतं, म्हणजे जिथे खरा धोका तिथे वास गायब.

हे वाचून माहीत होतं तरी फसलोच. सिलिंडर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जॉइंट घट्ट करत होतो, तेही फ्यूम हूडच्या, म्हणजे वायू खेचून बाहेर टाकणाऱ्या कपाटाच्या, बाहेर (चूक माझीच), सुरुवातीला भपकारा आला, पाच-सात मिनिटांत वास गेला आणि मी खुश, लीक थांबलं म्हणून. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली मुलगी दारातच थबकली, "शी, काय सडलंय इथे?" खिशाला लावलेला डिटेक्टर बघितला तर ४ पीपीएम, अलार्म १० ला लावलेला म्हणून तो गप्प. व्हॉल्व बंद केला, सगळे बाहेर. नंतर हूडमध्ये जॉइंटजवळ लेड अॅसिटेटचा ओला कागद (या वायूने काळा पडतो) धरला, एक कड आधी तपकिरी मग काळी. आत पितळी अडॅप्टर निघाला, तो या वायूने खाल्ला होता. स्टेनलेस स्टीलचा लावल्यापासून त्रास नाही.

बाकी धोके थोडक्यात: हवेपेक्षा साधारण १.२ पट जड, म्हणून खड्ड्यात, टाकीत, गटारात साचतो आणि आत पडलेल्याला काढायला उतरणारेही मरतात. पेशींनी ऑक्सिजन वापरायचं जे एन्झाइम, सायटोक्रोम ऑक्सिडेज, तेच हा अडवतो. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. हवेत ४ ते ४४ टक्के असला की पेटतोही.

आता पावडरबद्दल, खरी तक्रार तिचीच आहे. स्वस्त, सोपी, पाण्यात टाकली की झालं, असं वाटतं. पण ७.४ पीएचला (पेशी वाढवतात त्या द्रावणाची आम्लता) सल्फाइडचा चौथा हिस्सा वगैरे वायूरूपात असतो आणि पेशी ठेवलेल्या उघड्या प्लेटमधून तो सतत उडत राहतो, काही मिनिटांत अर्धा डोस गेलेला. त्याहून वाईट म्हणजे उडालेला वायू त्याच प्लेटमधल्या शेजारच्या कंट्रोलच्या (डोस न दिलेल्या, तुलनेसाठीच्या पेशींच्या) छोट्या खळग्यांत शिरतो. माझे तीन आठवडे असेच गेले, कंट्रोलच्या पेशी "उपचार" झाल्यासारख्या वागत होत्या आणि मी स्टॅटिस्टिक्सला शिव्या घालत होतो! आता कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये, वेगळ्या डब्यात.

मग एवढा ताप का घ्यायचा? कारण हाच वायू आपलं शरीरही बनवतं. १९९६ मध्ये आबे आणि किमुरा यांनी मेंदूत तो संदेश नेणारा असावा असं दाखवलं आणि तिथून विषय वाढला. २००५ मध्ये उंदरांना ८० पीपीएम दिल्यावर त्यांचा चयापचय मंदावून अंग गार पडलं, नंतर तेही पूर्ववत झाले. मोठ्या प्राण्यांत मात्र तसं जमलं नाही. आणि २०१५ मध्ये सुमारे १५ लाख वातावरणांच्या दाबाखाली उणे ७० अंश सेल्सिअसला हा सुपरकंडक्टर झाला, म्हणजे वीज जराही रोध न होता वाहू लागली. अंडी सडल्याचा वास आणि सुपरकंडक्टर, मला अजून हसू येतं.

पावडरला पाचपैकी दोन, सिलिंडरला चार, पण डिटेक्टर नसेल तर दोन्हींना शून्य. आणखी एक, उरलेला वायू आम्ही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटलीतून सोडतो, तिथे तो शोषला जातो, त्या बाटलीत चुकूनही अॅसिड ओतू नका, सगळा परत बाहेर येतो.

हां, चांदीची अंगठी घरी ठेवा. माझी महिन्यात काळी पडली. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली तर उजळली, पण पाण्यातून वास आला तो तोच.