उजेड पाहिजे का स्टेशन?

रेडिओ दुरुस्तीच्या या दुकानाला पाटी नाही. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या बोळात वळलं की दारात मिक्सरची भांडी टांगलेली दिसतात, तेच. रेडिओ म्हणाल तर आत, शेवटच्या फळीवर.

मी ब्लाउज शिवते, पस्तीस वर्षं झाली. डोळे सुईवर, हात कापडावर, पाय पायडलवर. रिकामे असतात ते कान. लग्नात माहेरून आलेला फिलिप्सचा ट्रान्झिस्टर म्हणजे माझं घड्याळ. रात्री १० ला विविध भारतीवर छायागीत लागलं की मशीनवर कव्हर टाकायचं, हा नेम. तो मुका झाला तेव्हा मुलानं हजारो गाणी भरलेला स्पीकर आणून दिला. गाणी झकास, खोटं कशाला बोलू. पण तो किती वाजले ते काही सांगत नाही. गौरीच्या गर्दीत एकदा मान वर केली तर पाऊण वाजलेला, आणि एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या!

दुसऱ्याच दिवशी रेडिओ पिशवीत घालून दुकान गाठलं. मामांनी (सगळे मामाच म्हणतात) मागचं झाकण काढलं. सेल पाझरून पत्र्या हिरव्या पडलेल्या, काट्याची दोरी तुटलेली, व्हॉल्यूममध्ये कचरा. "गँग चांगला हाय, मग काय काळजी न्हाई," म्हणाले. गँग म्हणजे स्टेशन लावायचा आतला भाग. दोरी कशी ओवतात ते मला उभं राहून बघू दिलं. टाचण्या तोंडात धरून मीही काम करते, पण त्या चाकांवरून दोरा फिरवताना त्यांनी श्वाससुद्धा धरला होता.

बोलता बोलता रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन, निघालं. आमच्या अप्पांनी तांब्याच्या जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली होती, बुधवारी रात्री ८ च्या बिनाका गीतमालेसाठी. मामा म्हणाले, नभोवाणी मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीनं सिनेमाची गाणी आखडती घेतली, म्हणून तर लोक सिलोनकडे गेले आणि मग सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. मामांना तारखा पाठ असतात, दिलेला वायदा मात्र नाही. चार दिवस सांगून बारा दिवस लावले, फोन केला नाही. एक बटण काळं, एक पांढरं बसवलं आणि वर म्हणतात, "ओळखायला सोपं."

घरी आणल्यावर एफएमवर १०२.७ ला कोल्हापूर आकाशवाणी स्वच्छ. मीडियम वेव्हवर मात्र नुसती खरखर. लहानपणी सांगलीसाठी काटा १२५१ वर नेला की काम झालं असायचं. परत गेले तर मामा हसले. "शिवायला एलईडी ट्यूब लावता नव्हं? ती आन् मोबाइलचा चार्जर, दोन्ही मीडियम वेव्हमध्ये घाण करत्यात. वैनी, उजेड पाहिजे का स्टेशन? एक काय ते ठरवा." रात्री ट्यूब बंद करून, रेडिओ खिडकीत आडवा-उभा फिरवून बघितला. लांबचं कुठलं तरी कानडी स्टेशन आलं. शिवणार काय अंधारात, पण ऐकत बसले.

४५० रुपये घेतले. मला रास्त वाटले, कारण हल्ली हे काम अंगावर घेतंय कोण? त्या फळीवरचे मोठे लाकडी मर्फी रेडिओ दुरुस्तीचे नव्हेत. हॉटेलवाले शोभेला नेतात म्हणे, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून. मामांना त्या कामाचे माझ्या तिप्पट मिळतात. काढलेले स्पीकर आणि कॉइल ते बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवतात. माझं पांढरं बटण त्यातलंच.

जायचं तर संध्याकाळी ५ नंतर जा, दुपारी शटर अर्धं असतं. आणि सेल घरून न्या, त्यांच्याकडे कधीच नसतात.