गाडीच्या एसीच्या गॅसवर लक्ष ठेवलं, तेलात लुबाडलं: ३४,०५० रुपये गेले

गॅस कमी भरून पूर्ण पैसे घेतात, लीक नसताना लीक दाखवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच मी गॅस काट्यावर मोजून घेतला. चोरी तेलात झाली.

नागपूर, मे महिना, रस्त्यालगतचं गाड्यांच्या एसीचं दुकान. गॅस १,४००, कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेल ६५०, लीक टेस्ट ५००, एकूण २,५५० रुपये. पावतीऐवजी कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला. ४१व्या दिवशी कॉम्प्रेसर जाम. खोलला तर काळं तेल आणि ॲल्युमिनियमचा चुरा. चुरा पुढे गेला की आताचे बारीक नळ्यांचे कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) फ्लश करूनही साफ होत नाहीत, म्हणून तोही बदलावा लागला. खर्च ३१,५०० रुपये.

तेल मेकॅनिकने पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून घेतलं. झाकण नाही, तोंडाला चिंधी कोंबलेली. कोणतं तेल आहे विचारलं, तर म्हणाला, "साहेब, सगळ्या गाड्यांना हेच चालतं." त्याच क्षणी गाडी बाहेर काढायला हवी होती. ते वाक्य आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. असं तेल नसतंच! माझ्या एसीतल्या आर-१३४ए गॅसला पीएजी नावाचं कृत्रिम तेल लागतं, आणि त्यातही घट्टपणाचा नंबर ४६, १०० की १५० हे कॉम्प्रेसर ठरवतो. माझ्या कॉम्प्रेसरच्या लेबलवर एनडी-ऑइल ८, म्हणजे पीएजी ४६, स्पष्ट छापलंय. जुन्या आर-१२ गॅसचं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते गॅसबरोबर फिरून परत येत नाही, इव्हॅपोरेटरमध्ये (डॅशबोर्डमागच्या, हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. बाटलीत समजा पीएजी असतं, तरी उघडं पीएजी हवेतली ओल ओढतं. त्या ओलीने आत आम्ल तयार होतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक तोंडात) बर्फ धरतो. सीलबंद डबाच घ्या, समोर फोडायला लावा, लगेच झाकण लावायला सांगा.

मला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या की दोन्ही तेलं पारदर्शकच दिसतात, नुसत्या नजरेने फरक कळत नाही. आणि काट्यावर गॅस बरोबर ४२० ग्रॅम उतरला होता, मग माणसावर विश्वास बसतोच.

मुळात तेलाची गरजच नव्हती. हळूहळू गॅस गेला आणि जोडावर तेलकट डाग नसेल, तर तेल जवळपास जागेवरच असतं. पार्ट बदलला तरच घालायचं: ड्रायरला (ओल शोषणाऱ्या डबीला) १० ते २० मिली, कंडेन्सरला ३० ते ४०, इव्हॅपोरेटरला ४० ते ५०. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. लहान गाडीत सगळं मिळून १२० मिलीच्या आसपास असतं, आणि याने "थंडावा वाढतो" म्हणत १०० मिली वरून ओतलं! जास्त तेलाचा थर नळ्यांना आतून बसतो, प्रेशर चढतं, थंडावा उलट कमी होतो. नवा कॉम्प्रेसर बसवताना जुन्यातलं तेल मोजून काढायला लावा, नव्यातलं तेवढंच ठेवायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर पीएजीचा थेंबही नको. पीएजीतून वीज वाहते, तिथे पीओई हे वेगळं तेलच, होजपाइपसुद्धा वेगळे.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे." ग्राहक तक्रार केंद्रात पावती मागितली. यूपीआयची नोंद दाखवली, तर पैसे दुकानाच्या नव्हे, माणसाच्या नावावर गेलेत म्हणे. तेल चुकीचं होतं याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणाले; कोणती प्रयोगशाळा, ते कुणी सांगेना. १९ दिवसांनी एकही फोन न करता तक्रार "निकाली" दाखवून बंद केली. कोणता निकाल? कुणाला विचारून? पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच पावतीचं तुणतुणं. ज्याने पावती दिलीच नाही त्याला एक शब्द नाही, उलटतपासणी माझी!

आता ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं. काळं तेल काचेच्या बाटलीत सील करून ठेवलंय. जुना कॉम्प्रेसरही भंगारात दिलेला नाही.