बियाणं विकणाऱ्याने माझी जमीन विचारलीच नाही

लातूर जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू. तीन एकर ओढ्याकडची काळी, दोन एकर माळाची. माळावर वीतभर खणलं की मुरूम लागतो. तिथे आम्ही वर्षानुवर्षं सोयाबीनचा जेएस 93-05 हा वाण पेरायचो. 85 ते 90 दिवसांत हाती येतं, सप्टेंबरात पावसाने दडी मारायच्या आत शेंगा भरून होतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात पाहुण्यांच्या ओळखीने एक जण आला. मोबाईलमध्ये कमरेएवढ्या सोयाबीनचे फोटो. “फुले संगम आहे दादा, घरचंच. कुठल्याही रानात एकरी पंधरा क्विंटल.” 160 रुपये किलोने 50 किलो घेतलं. आठ हजार रोख मोजले. पांढरी चुंगडी, सुतळीने शिवलेली, वाणाची माहिती देणारा टॅग नाही. पावती मागितली तर म्हणाला, “घरच्या बियाण्याला कसली पावती?” पाहुण्यांच्या शब्दाखातर मी गप्प बसलो.

फुले संगमला मी नावं ठेवत नाही. राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचा हा केडीएस 726 वाण, तांबेरा रोगाला चांगला टिकतो, दाणा टपोरा. पण त्याला 100 दिवसांच्या वर लागतात. ओल धरणारी भारी जमीन पाहिजे, नाहीतर पाणी द्यायची सोय. माळावर तो पेरायलाच नको होता. फोटोतलं रान कसलं, हे मी विचारलं नाही आणि माझं कसलं, हे त्याने.

त्यात चुंगडीत सगळं संगम नव्हतंच. फुलोऱ्यात एकाच ओळीत जांभळी फुलं आणि मधूनच पांढरी. काही झाडांची पानं रुंद, काहींची भाल्यासारखी निमुळती. एका वाणात असं होत नाही. सरळ भेसळ होती.

गणपतीच्या सुमारास पाऊस थांबला. शेजारचं 93-05 तोवर पिवळं पडून काढणीला आलं होतं, माझं बरंचसं हिरवंच. शेंग उघडून पाहिली, आत ज्वारीएवढा दाणा. दोन एकरांत मिळून चार क्विंटल निघाले.

पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांना भेटलो. तक्रार घ्यायला ते तयार होते, पण पावती, टॅग, पिशवी, शिल्लक बियाणं यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. चुंगडीत तर आम्ही शेंगदाणे भरले होते.

घरचं बियाणं वाईट नसतं. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतं, प्रमाणित बियाण्यापासून धरलेलं दोन-तीन वर्षं चालतं. पण ते आपल्या घरचं. दुसऱ्याच्या घरचं कुणी डोळ्यांदेखत पिकवलेलं असतं? विकत घ्यायचं तर प्रमाणित पिशवीचा निळा टॅग बघा, पक्की पावती घ्या, पिशवी तळातून फोडा म्हणजे टॅग शाबूत राहतो, मूठभर दाणे काढणीपर्यंत ठेवा. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, 70 तरी उगवले पाहिजेत. मी एवढंही केलं नव्हतं.

तोच माणूस परवा शेजारच्या वाडीत येऊन गेला. दोघांनी पैसे दिलेत. दोघांचीही रानं माळाची आहेत, आणि पेरणी अजून झालेली नाही.