विणला, विणली, विणले : सोलापूरच्या ‘क्रियापद वर्गा’विषयी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी दोन तास एक वर्ग भरतो. दाराशी चिकटवलेल्या कागदावर ‘क्रियापद वर्ग’ एवढेच लिहिलेले असते. शहरात भाषा शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत आणि इंग्रजी बोलायला शिकवणारे तर गल्लोगल्ली आहेत. हा वर्ग मात्र कोणतीच भाषा बोलायला शिकवत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी (दक्षिणेत बोलली जाणारी उर्दू) या सोलापुरात रोज कानांवर पडणाऱ्या चार भाषांमध्ये क्रियापद कसे चालते, ते कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते आणि कोणाकडे दुर्लक्ष करते, हे तो उलगडून दाखवतो आणि त्या आधारावर रशियन, तुर्की, जपानी, स्वाहिली अशा दूरच्या भाषांकडे वळतो. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा असून शुल्क पंधराशे रुपये आहे. मी हा क्रम पूर्ण केला असून माझे मत थोडक्यात असे आहे की, जवळच्या चार भाषांचा भाग इतका चांगला आहे की त्यासाठी हे शुल्क कमीच म्हणावे लागेल, आणि दूरच्या भाषांचा भाग एका उपयुक्त अपवादाखेरीज घाईत उरकलेला आहे.

वर्गाची सुरुवात व्याख्येने होत नाही, चादरीने होते. फळ्यावर तीन वाक्ये लिहिली जातात : विणकराने टॉवेल विणला, विणकराने चादर विणली, विणकराने कापड विणले. विणकर तोच, क्रियाही तीच. तरीही क्रियापदाने तीन रूपे घेतली, कारण ते विणकराकडे पाहतच नाही, विणलेल्या वस्तूकडे पाहते. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून ओळखतो आणि गुण मिळवून विसरून जातो. इथे मात्र लगेच त्याशेजारी तेलुगू मांडली जाते. तेलुगूत वस्तू टॉवेल असो, चादर असो किंवा कापड असो, विणणारा पुरुष असेल तर ‘नेसाडु’ आणि स्त्री असेल तर ‘नेसिंदि’. वस्तूचा क्रियापदाशी काही संबंध नाही. कन्नडमध्येही ‘नेय्दनु’ आणि ‘नेय्दळु’ असा फरक विणणाऱ्यावरूनच होतो. ज्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली गेली, त्या भागात बसून हे उदाहरण ऐकताना वर्गातील तेलुगूभाषक अक्का आणि मराठीभाषक विद्यार्थी एकमेकांच्या वाक्यांकडे प्रथमच व्याकरण म्हणून पाहू लागतात, ही या वर्गाची खरी कमाई आहे.

त्यानंतर या फरकाचे कारण सांगितले जाते आणि ते सांगताना शिक्षक घाई करत नाहीत. संस्कृतात ‘रामेण आम्रः खादितः’ अशी रचना होती. त्यातील ‘खादितः’ हे मुळात विशेषणासारखे वागणारे धातुसाधित (धातूपासून बनलेला शब्द), म्हणून ते आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालणार हे ओघानेच आले. प्राकृतांतून येता येता तेच धातुसाधित भूतकाळाचे क्रियापद होऊन बसले, पण विशेषणाची सवय त्याने सोडली नाही. द्राविड भाषांचा मार्ग वेगळा आहे : तिथे क्रियापदाच्या टोकाला पुरुषवाचक, म्हणजे मी, तू की तो हे सांगणारा, प्रत्यय लागतो आणि ‘नेनु चेस्तानु’ (मी करतो किंवा करते) यासारख्या रूपात त्याचे सर्वनामाशी असलेले नाते कानाला सहज जाणवते. त्यामुळे ‘करतो’ की ‘करते’ असा प्रश्न तेलुगू बोलणाऱ्याला स्वतःविषयी बोलताना कधी पडतच नाही. ‘नेनु चेस्तानु’ हे पुरुषही म्हणतो आणि स्त्रीही. कन्नडमधील ‘नानु माडुत्तेने’ याचीही तीच गोष्ट. मराठीत मात्र ‘मी’ एवढे उच्चारून पुढचे वर्तमानकाळी क्रियापद तोंडातून बाहेर पडताच बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे उघड होते.

तेलुगूच्या लिंगव्यवस्थेवर एक संपूर्ण रविवार खर्च केला जातो आणि तो सार्थकी लागतो. एकवचनात पुरुषाला ‘चेस्ताडु’ आणि स्त्रीला ‘चेस्तुंदि’. परंतु हेच ‘चेस्तुंदि’ जनावराला आणि यंत्रालाही चालते. अनेकवचनात चित्र पालटते : माणसे असली, मग ती पुरुष असोत किंवा स्त्रिया, ‘चेस्तारु’, माणसांखेरीज इतरांना ‘चेस्तायि’. म्हणजे एकवचनात स्त्री वस्तूंच्या रांगेत आणि अनेकवचनात माणसांच्या रांगेत. कन्नडने या बाबतीत वेगळी वाट धरली असून ‘माडुत्ताने’, ‘माडुत्ताळे’, ‘माडुत्तदे’ अशी तीन रूपे ती एकवचनातच वेगळी ठेवते. या मुद्द्यावर वर्गात जो वाद झाला तो समाजाविषयीचा होता, व्याकरणाविषयीचा नव्हता, आणि शिक्षकांनी तो शांतपणे पुन्हा प्रत्ययांवर आणला, हे मला आवडले.

परंतु वर्गाचा सर्वांत सरस भाग म्हणजे मराठीतील ‘ने’ची चौकशी. भूतकाळात सकर्मक क्रियापद असले की कर्त्याला ‘ने’ लागतो, हा नियम सांगून बहुतेक पुस्तके पुढे जातात. इथे तो नियम एकेक उदाहरणाने तपासला जातो. ‘त्याने पोळी खाल्ली’, पण ‘मी पोळी खाल्ली’. प्रथम आणि द्वितीय पुरुषी सर्वनामांना मराठी ‘ने’ दाखवतच नाही, तर प्रमाण हिंदी ‘मैंने’ म्हणते. ‘तू पोळी खाल्लीस’ या रूपात तर क्रियापद एकाच वेळी दोघांना सांभाळते : ‘खाल्ली’ हा भाग पोळीप्रमाणे आणि शेवटचा ‘स’ तुझ्याप्रमाणे. पुढे अपवाद येतात. ‘तो धडा शिकला’, ‘ती कविता विसरली’ ही वाक्ये सकर्मक असून भूतकाळातील आहेत, तरी त्यांत ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याचेच ऐकते. उलट ‘त्याने आता घरी जावे’ या वाक्यात कर्मही नाही आणि भूतकाळही नाही, तरी ‘ने’ आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे अशी प्रयोगांची जी विभागणी मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणात बारकाईने चर्चिलेली आहे, तिची गरज का पडली हे या तासानंतर पाठांतराशिवाय समजते. स्पर्धा परीक्षांसाठी मराठी व्याकरण घोकणाऱ्या मुलांनी निदान एवढा एक तास बसून जावा, असे मी सुचवीन.

दखनीचा तास लहान आहे, पण नेमका आहे. प्रमाण उर्दूत ‘मैंने रोटी खाई’ म्हणतात. दखनीत ‘मैं रोटी खाया’ असे ऐकू येते. ‘ने’ गळाला आणि क्रियापद कर्माला सोडून कर्त्याकडे वळले. दक्षिणेतील भाषांच्या शेजारात शतकानुशतके वावरल्याचा हा परिणाम असावा, असे शिक्षक म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे. पण मग याच शेजारात वाढलेल्या मराठीने आपला ‘ने’ का टिकवला, हा एका विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

याच संदर्भात वर्गात कुपवाडची गोष्ट निघते. सांगली जिल्ह्यातील त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की शब्द निरनिराळे राहूनही वाक्याचा साचा जवळजवळ एक झाला, असे निरीक्षण गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये मांडले. सोलापुरात याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. ‘जेवून झोपला’ हे कन्नडमध्ये ‘ऊट माडि मलगिदनु’, तेलुगूत ‘तिनि पडुकुन्नाडु’ आणि दखनीत ‘खाके सोया’ : आधीची क्रिया अपुऱ्या रूपात ठेवायची आणि काळ, पुरुष, लिंग यांचा सगळा भार शेवटच्या क्रियापदावर टाकायचा, ही पद्धत चारही भाषांत समान आहे. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ यातील ‘म्हणून’चे काम कन्नड ‘एंदु’, तेलुगू ‘अनि’ आणि दखनी ‘बोलके’ करतात आणि चारही शब्द बोलण्याच्या क्रियेतूनच आलेले आहेत. ‘करून टाकले’मधील ‘टाकणे’ कन्नडच्या ‘माडिबिट्टे’मधील ‘बिडु’शी (सोडणे) जुळते. नकाराची बाजू मात्र वर्गाने फार लवकर गुंडाळली. तेलुगूतील ‘चेयनु’ हे एकच रूप ‘मी करणार नाही’ एवढे सगळे सांगते, मराठीतील ‘नव्हतो’, ‘नये’, ‘नको’ ही नकारार्थी क्रियापदे स्वतंत्र चर्चेच्या योग्यतेची आहेत आणि दखनीने तर ‘नक्को’ मराठीकडून उचलला आहे. एवढे साहित्य हाताशी असताना त्यावर अर्धाच तास द्यावा, हे समजत नाही.

इथे माझा एक मतभेदही नोंदवतो. मराठीत जे काही कन्नडसारखे दिसते ते कन्नडमधूनच आले, असा सूर मधूनमधून लागतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणे आणि ‘करून’सारख्या रूपांची साखळी करणे हे हिंदीत आणि बंगालीतही आहे, त्यामुळे एकट्या सीमाभागाच्या शेजाराने त्याचा उलगडा होत नाही. भाषा जवळ आल्या हे खरे. पण कोणी कोणाकडून घेतले हे प्रत्येक रचनेसाठी वेगळे तपासायला हवे.

दूरच्या भाषांमध्ये रशियनचा तास चांगला झाला, तोच वर उल्लेखलेला अपवाद. रशियन भूतकाळात क्रियापद पुरुष सांगत नाही, लिंग सांगते : ‘ओन पिसाल’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘ओना पिसाला’ म्हणजे तिने लिहिले. तेही रूप मुळात धातुसाधितच होते, म्हणून विशेषणाची सवय तिथेही शिल्लक राहिली. मात्र मराठी क्रियापद लिहिलेल्या गोष्टीकडे पाहते आणि रशियन क्रियापद लिहिणाऱ्याकडे. दोन्हीकडील ‘ल’ सारखा दिसला तरी त्यांचा इतिहास वेगळा आहे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगितले. तुर्कीतील ‘गेल्दी’ आणि ‘गेल्मिश’ यांतला भेद मराठी माणसाला ‘आला’ आणि ‘आला म्हणे’ यावरून चटकन कळतो. फरक इतकाच की आपण वेगळा शब्द जोडतो आणि तुर्की तेच काम क्रियापदाच्या प्रत्ययाने करते.

त्यापुढे मात्र गती वाढत जाते. स्वाहिलीतील ‘निनासोमा’ या रूपात मी, वर्तमानकाळ आणि वाचणे हे तिन्ही घटक ओळीने कसे बसतात आणि मधला ‘ना’ काढून ‘ता’ घातला की भविष्यकाळ कसा होतो, हे सांगून होते न होते तोच जपानी सुरू होते. जपानी ‘ताबेरु’ हे मी, तू, तो, आम्ही सर्वांना तसेच चालते, पण आदर दाखवायचा तर ‘ताबेमासु’ म्हणावे लागते. मराठीत आदर अनेकवचनातून येतो, तेव्हा ही तुलना किती रंगली असती! ती झालीच नाही. ऑस्ट्रेलियातील डिर्बल भाषेचा उल्लेख तर दिशाभूल करणारा ठरला. त्या भाषेत नामांना कर्तृवाचक प्रत्यय लागतो आणि ‘मी’, ‘तू’ यांना लागत नाही, म्हणून ती मराठीसारखीच आहे, असे सांगण्यात आले. साम्य आहे, पण तिथे क्रियापद कोणाच्याच पुरुष-लिंगाप्रमाणे बदलत नाही, आणि मराठीतील खरी गंमत तर क्रियापदातच आहे.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. फळ्यावर येणारी कन्नड आणि तेलुगू रूपे पुस्तकी असतात. सोलापुरातील तेलुगू ही तेलंगणाकडची आहे. ‘तो आला’ याला वर्गात ‘वच्चाडु’ लिहिले गेले, तेव्हा मागच्या बाकांवरून ‘वच्चिंडु’ ऐकू आले. अक्कलकोटकडचा विद्यार्थी ‘तो येतो’ याला कन्नडमध्ये ‘बरुत्ताने’ म्हणत नाही, ‘बर्तान’ म्हणतो. मराठीच्या बाबतीतही ‘काय करूलालास’ हे अस्सल सोलापुरी रूप, ज्याचे ‘करू लागणे’ याच्याशी नाते उघड दिसते, हशा पिकवण्यापुरतेच आले. चालू क्रिया दाखवण्याची ही एक रीतसर व्यवस्था आहे आणि तिचा तक्ता फळ्यावर यायला हवा होता.

क्रमाच्या शेवटी दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे सहल नेतात. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील शिलालेख आहे आणि त्यात ‘जो वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची मराठी ओळ आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीतली दोन क्रियापदे आजच्या रूपांशी ताडून पाहण्याचा तास तिथेच, मंदिराच्या आवारात होतो. गाडीचे भाडे वेगळे द्यावे लागते. ते जरूर द्यावे.

व्यवस्थेविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. खोली हवेशीर आहे, जिना अरुंद आहे, वेळ पाळली जाते. छापील टिपणे मात्र वाईट आहेत : झेरॉक्स फिकट, तेलुगू आणि कन्नड शब्दांचे देवनागरी लेखन पानोपानी बदलणारे, आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ वेगळा दाखवण्याची सोय नाही, त्यामुळे घरी जाऊन उजळणी करताना अडचण येते. स्वतःची वही ठेवावी. घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्यांना हा वर्ग सर्वाधिक मानवेल. ज्यांना एखादी परकी भाषा बोलायला शिकायची आहे त्यांनी इथे येऊ नये. पुढची तुकडी गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आटोपल्यावर सुरू होणार असून प्रवेश वाचनालयातच, सायंकाळी, रोख शुल्क भरून मिळतो.