सकाळच्या शास्त्रवाचनाचे आठ महिने: काय टिकलं, काय सुटलं

भस्म बुधवारी रोज सकाळी बायबल वाचायला सुरुवात केली होती, लेंटपुरती, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापुरती. ईस्टर झाला, पाऊस येऊन गेला, वाचन अजून चालू आहे. चर्चच्या मंडळीतल्या दोघीतिघींनी विचारलं, "रोज नेमकं काय वाचतेस?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने मोबाइलवरच्या एका बायबल ॲपचे. सकाळी सहाला टिंग वाजायचं, एक वचन यायचं, खाली इंग्रजीतून उचलून मराठीत ठेवलेलं मनन आणि सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा. आकडा ४१ वर असताना एका रात्री पावणेबाराला, डोळे मिटत असतानाच, मी नुसती पानं सरकवून दिवस भरून टाकला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, वाचतेस की हजेरी लावतेस?"

दुसरी अडचण वचनांच्या निवडीची. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ मला तीनदा आलं: देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. बरं वाटतं. पण अख्खा अध्याय काढून बसले तेव्हा कळलं, हे बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, कैद होऊन गेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. तोवर घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचसे तिथेच मरणार होते! मला ते वचन त्यानंतर जास्त आवडायला लागलं, पण सकाळच्या टिंगमध्ये हे सत्तर वर्षांचं प्रकरण कधी आलं नाही.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८८ सुद्धा तिथे कधी आलं नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. पप्पा गेले त्या जूनमध्ये मला तेच लागलं. सांत्वनाला आलेले सगळे देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र २३ वाचून गेले, आणि रात्री मी ८८ वाचत बसायचे. देवापुढे असंही बोलता येतं, एवढंच हवं होतं तेव्हा.

मग ॲप फक्त शोधाशोधीपुरतं ठेवलं आणि छापील पुस्तकांवर आले. दिवसाला पाच स्तोत्रं घेतली की महिन्यात दीडशे होतात, हा जुना हिशेब. ११९वं आलं की कोलमडतो, कारण त्या एकट्याचीच १७६ वचनं. त्याला मी तीन दिवस देते, कुणाला हिशेब द्यायचा नाही.

पुस्तकांत सगळ्यात जास्त हात लागतो तो फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं काम. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, घरात बायबल सोसायटीचंच 'पवित्र शास्त्र' चालतं, त्यामुळे आधी थोडं बिचकत उघडलं. आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवते. पाठ असलेलं वचन दुसऱ्या शब्दांत समोर आलं की डोळा अडतो, आणि अडला की खरं वाचन सुरू होतं. तक्रार एकच: ठोकळा जड आहे, अंथरुणात पडून वाचायला नाही.

पंडिता रमाबाईंचा बायबलचा अनुवाद सासूबाईंच्या ट्रंकेत होता, बांधणी सुटलेला. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, शेवटच्या वर्षांत हेच काम करत राहिल्या, १९२२ मध्ये गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून निघाला. रोज वाचत नाही. भाषा जुनी, पानं पिवळी, पण एखादी ओळ अडली की तिथे जाऊन येते.

ना. वा. टिळकांचे अभंग मात्र वाचायचे नाहीत, म्हणायचे. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा माणूस; प्रभूला माउली म्हणतो तेव्हा ते कुठून आणून चिकटवलेलं वाटत नाही. सासूबाईंचं बालपण नगरचं, त्यांना चाली येतात. त्या भाजी निवडताना म्हणतात, मी मागून. आठ महिन्यांतलं माझं सगळ्यात चांगलं मनन मेथीच्या जुडीसमोर झालंय, हे पाळकांना सांगू नका.

'क्रिस्तपुराण' अर्धवट पडलंय. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सनी ओवीबद्ध केलेलं, १६१६ मध्ये तिथल्या राशोलला छापलेलं बायबलचं कथानक. मराठी भाषेला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा देणाऱ्या त्या ओव्या शाळेपासून माहीत होत्या, म्हणून उत्साहाने घेतलं. पण मराठीत कोकणी मिसळलेली ती चारशे वर्षांपूर्वीची भाषा सकाळच्या चहाबरोबर जात नाही. रविवारी दुपारी, मोठ्याने, दहा-बारा ओव्या. तेवढंच जमतं.

ज्यांच्याकडे दहाच मिनिटं आहेत त्यांनी वचनाच्या मागचा-पुढचा अध्याय वाचावा, मनन राहिलं तरी चालेल. मी सध्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. स्तोत्रांनंतर फार कडक लागतोय. सासूबाईंनी मोठ्या टायपाची प्रत मागितलीय, नाताळच्या आत शोधायची आहे.