गोळ्यांचा ७ खणांचा डबा: बीपीच्या गोळ्यांना कितपत चालतो?

ठाण्यात गोखले रोडवर किंवा जांभळी नाक्याच्या आसपास कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये हा प्लास्टिकचा डबा मागितला की मिळतो. ७ खणांचा साधा किंवा सकाळ-रात्र मिळून १४ खणांचा. बीपीची एकच गोळी असेल तर साधा पुरतो. सोबत शुगरची आणि कोलेस्टेरॉलचीही असेल तर १४ खणांचाच घ्यावा. बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी सहसा सकाळीच सांगितलेली असते. ती चुकून रात्री गेली की झोपेचं खोबरं होतं, शिवाय अंधारात बाथरूमला जाताना म्हातारं माणूस पडण्याची भीती.

'आजची गोळी घेतली का?' याचं उत्तर मिळावं म्हणून हा डबा घ्यावा, आणि त्या कामात तो चोख आहे. लोकल पकडायच्या घाईत गोळी घेतली की नुसतं पाकीट हातात धरून ठेवून दिलं, हे दहा वाजता आठवत नाही. मग शंका नको म्हणून दुसरी घेतली जाते, प्रेशर खाली येतं आणि उठताना चक्कर येते. खण रिकामा दिसला की प्रश्न मिटला. भरलेला दिसला तर? दिवसातून एकदा घ्यायची बीपीची गोळी काही तासांनी आठवली तर तेव्हा घ्यावी. १२ तासांहून जास्त उलटले असतील तर ती सोडावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, एकच घ्यावी. राहिलेली भरून काढायला दोन एकदम कधीही घेऊ नयेत.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी बीपीची गोळी टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषते. म्हणून तर तिच्या पाकिटाला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असतं, आणि गोळी घ्यायच्या वेळीच फोडायची असते. रविवारी सातही गोळ्या फोडून खणांत टाकल्या तर शेवटची गोळी जवळजवळ आठवडाभर उघडी राहते. डब्याचं झाकण टक् करून बसलं तरी हवाबंद नसतं, त्यात जुलैतली ठाण्याची हवा. गोळी मऊ पडते, कडा भुगभुगतात, खणाच्या तळाशी पूड साचते. अशी गोळी घेऊ नये. टेल्मिसार्टन एकटी असो की दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत, नियम तोच.

काहीजण पाकीट कात्रीनं कापून एकेक तुकडा खणात ठेवतात. ओल अडते खरी, पण ज्याला नीट दिसत नाही तो माणूस फॉइलसकट गोळी गिळू शकतो, आणि कापलेल्या टोकदार कोपऱ्यांनी अन्ननलिकेला इजा होते. घरात मोतीबिंदू असलेलं किंवा विसराळू माणूस असेल तर हा मार्ग नकोच. त्यापेक्षा पाकीट अख्खं ठेवावं आणि प्रत्येक गोळीच्या मागे मार्करनं तारीख लिहावी. १० गोळ्या, १० तारखा. 'घेतली का?' याचं उत्तर डब्याइतकंच स्पष्ट मिळतं, खर्च फक्त मार्करचा. एक्स्पायरी ज्या टोकाला छापली असेल ते टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवा.

बीपीचीच दुसरी गोळी अ‍ॅम्लोडिपिन आठवड्यापुरती डब्यात चालते, मात्र तिला उजेड सोसत नाही. म्हणून आरपार दिसणारा डबा न घेता गडद रंगाचा घ्या. निफेडिपिन उजेडाला त्याहून नाजूक, ती पाकिटातच बरी.

दुसरा धोका डॉक्टर गोळी बदलतात तेव्हाचा. बुधवारी नवीन चिठ्ठी येते आणि रविवारी भरलेला डबा तसाच राहतो. समजा आधी नुसती अ‍ॅम्लोडिपिन होती आणि आता टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी आली. डब्यातली जुनी चालूच राहिली तर अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट जाते. ब्रँडच्या नावापुढची अक्षरं नीट वाचा: टेल्मिसार्टनच्या ब्रँडला 'एएम' जोडलं की सहसा सोबत अ‍ॅम्लोडिपिन असते, 'एच' असलं की हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. चिठ्ठी बदलली त्याच दिवशी डबा पूर्ण रिकामा करून पुन्हा भरायचा, रविवारची वाट पाहायची नाही.

रिकामा खण दिसला म्हणून त्यात अंगदुखीची गोळी ठेवू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेननं बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर किडनीवर ताण येतो. कुठली दुखण्याची गोळी चालेल हे डॉक्टरांनाच विचारा.

विकत घेताना डबा दुकानातच उघडून पाहा. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्या अंगठ्यानं झाकण उघडलं पाहिजे. संधिवाताच्या बोटांना घट्ट झाकणाचा डबा काही कामाचा नाही. मग एक झाकण लावून डबा उलटा धरून हलवा, झाकण सुटलं तर परत द्या. झाकणांवर बहुतेक इंग्रजी आद्याक्षरं असतात, त्यात 'टी' दोनदा आणि 'एस' दोनदा. वर मराठीत वारांची चिठ्ठी चिकटवावी. धुतल्यावर पुसून लगेच भरू नका, रात्रभर उघडा वाळू द्या.

लहान मूल असलेल्या घरात हा डबा टेबलावर ठेवूच नये. मुलाच्या हातानं तो सहज उघडतो, आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या एक-दोन गोळ्याही छोट्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पाकीट सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा. बाथरूम आणि गॅसच्या वरचं कपाट, दोन्ही जागा गोळ्यांना वाईट. बेडरूमच्या कपाटातला वरचा कप्पा चांगला.

गणपतीला कोकणात जाताना मात्र नुसत्या डब्यावर विसंबू नका. तो ७ दिवसांचा, मुक्काम १० दिवसांचा, आणि परतीची गाडी कधी ठाण्याला लागेल सांगता येत नाही. अख्खी पाकिटं आणि चिठ्ठी सोबत ठेवा. गावात तोच ब्रँड मिळाला नाही तर केमिस्टला औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दाखवा. एस-अ‍ॅम्लोडिपिन (अ‍ॅम्लोडिपिनचा फक्त काम करणारा भाग) २.५ मिलिग्रॅम ही साध्या अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या बरोबरीची असते. आकडा लहान दिसतो म्हणून दोन गोळ्या घेऊ नका.