हायब्रिडमध्ये साधं पेट्रोल की प्रीमियम? जळगाव-धुळे रोडवर केलेला हिशोब

आमच्या शालकाने शिरपूरला हायब्रिड बुक केलीय आणि गाडी दारात यायच्या आधीच रोज त्याचा फोन, दाजी तुम्ही कोणतं पेट्रोल टाकता, मित्र म्हणतात एवढी महागाची गाडी घेतली तर तिला प्रीमियमच पाजायला पाहिजे. माझ्याकडे दीड लिटरची स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे थोडं अंतर नुसत्या बॅटरी-मोटरवरही चालणारी, जळगाव-धुळे महिन्यात चार-पाच चकरा, बाकी गावातलं फिरणं. तिन्ही प्रकारची पेट्रोलं टाकून, टाकी फुल करून पुन्हा फुल असं मोजून बघितलंय, ते इथे सविस्तर लिहितो म्हणजे अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ऑक्टेन म्हणजे सिलेंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल स्पार्कने लावलेली ज्वाळा पोहोचायच्या आधीच आपोआप पेटणार नाही याची सहनशक्ती. ते आधीच पेटलं की इंजिन टकटक वाजतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. तुमच्या इंजिनात नॉकिंग होतच नसेल तर जास्त ऑक्टेन टाकून काही हाती लागत नाही.

आता पंपावरची स्थिती काय आहे बघा. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आधी ८८ होतं, बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा ९१ झालं, आणि आता जे २० टक्के इथेनॉलवालं ई२० मिळतं ते पेट्रोलियम मंत्रालयाच्याच सांगण्यानुसार ९५ आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०० च्या वर असतं. म्हणजे ज्या ९५ च्या आकड्यासाठी आपण लिटरमागे जादा पैसे देत होतो तो आकडा आता साध्या नोझलमधूनच येतो. ही गोष्ट बऱ्याच लोकांना माहीतच नाही आणि पंपावरचा पोरगाही सांगत नाही, तो फक्त विचारतो साहेब प्रीमियम टाकू का. मग एक्सपी९५ किंवा पॉवर९५ या प्रीमियम पेट्रोलांमध्ये जादा काय उरतं तर अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर जमणारा मळ साफ ठेवणारं औषध. ते खोटं नाही, काम करतं, पण ते सफाईचं काम आहे, ताकदीचं नाही.

१०० ऑक्टेनवालं वेगळं. इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं, आणि हल्ली लोक ते ऑक्टेनपेक्षा इथेनॉल नसलेलं पेट्रोल हवं म्हणून शोधतात. मी पुण्याला गेलो तेव्हा टाकलं होतं.

आता हायब्रिडचं इंजिन, कारण सगळा निर्णय इथेच होतो. शालकाच्या मित्राचं म्हणणं असं की हायब्रिडचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १३ च्या वर असतो, साध्या गाडीचा १० ते ११, म्हणून हिला ऑक्टेन जास्त लागणार. कागदावर बरोबर वाटतं. पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये जे इंजिन असतं ते अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं, त्यात हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर यायला लागला तरी थोडा वेळ उघडाच असतो, त्यामुळे काही हवा परत बाहेर ढकलली जाते आणि प्रत्यक्षात दाबली जाणारी हवा कमी असते. कागदावर १३ असलं तरी पेट्रोलला तेवढा दाब सोसावा लागत नाही. टोयोटाच्या प्रियसचा रेशो १३ होता आणि ती अमेरिकेत वर्षानुवर्षं तिथल्या सगळ्यात साध्या पेट्रोलवर चालली, जे आपल्या ९१ च्या तोडीचं आहे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कन्नडच्या घाटात समजली. नॉकिंग सगळ्यात जास्त कधी होतं? गाडी वरच्या गिअरमध्ये, आरपीएम (इंजिनाचे फेरे) कमी आणि लोड जास्त, चढावर आपण गिअर न पाडता तशीच रेटतो तेव्हा. हायब्रिड इंजिनवर ही वेळच येऊ देत नाही, कारण खालच्या आरपीएमला मोटर जोर लावते, आणि इंजिनवर आलंच तर गाडी स्वतःच आरपीएम वर नेते. मे महिन्यात चाळीसगावहून वर चढत होतो, बाहेर ४४ डिग्री, पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी फुल. अर्ध्या घाटात बॅटरी खाली आली आणि इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं, बायको घाबरली की काही बिघडलं का. ते नॉकिंग नव्हतं, नुसता वाढलेला आरपीएम होता, आणि टाकीत साधंच पेट्रोल होतं. आपल्याकडचं ऊन हा मुद्दा मात्र मी हलका धरत नाही, जळगाव-भुसावळला ४५ डिग्री म्हणजे इंजिनात जाणारी हवाच तापलेली असते आणि गरम हवेत नॉकिंगची शक्यता वाढतेच. त्यासाठी गाडीत नॉक सेन्सर असतो, तो स्पार्कचा टायमिंग जरा मागे घेतो. इंजिन वाचतं, अ‍ॅव्हरेज किंचित कमी होतं. मे महिन्यातही मला तो फरक मोजण्याइतका दिसला नाही, एसीच त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खातो.

आता पैसे. मी टाकलं तेव्हा साधं १०५ च्या आसपास, ९५ वालं ११२ आणि पुण्यात १०० वालं १६०. तुमच्याकडे रुपया-दोन रुपये इकडेतिकडे असेल.

साधं ई२०, तीन टाक्या, सरासरी २१.६ चं अ‍ॅव्हरेज, किलोमीटरला ४ रुपये ८६ पैसे.
९५ प्रीमियम, तीन टाक्या, २१.९, किलोमीटरला ५ रुपये ११ पैसे.
१०० ऑक्टेन, एकच टाकी, २२.९, किलोमीटरला जवळपास ७ रुपये.

९५ वाल्यात ०.३ चा फरक आला, तेवढा तर पारोळ्याजवळ ट्रॅफिक लागलं की नाही यावरूनही पडतो. पैसे वसूल व्हायला अ‍ॅव्हरेज २३ च्या वर जायला हवं होतं. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा, तीन हजार रुपये जादा गेले. १०० वाल्यात अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते, म्हणून ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण सहा टक्के अ‍ॅव्हरेजसाठी पन्नास टक्के जास्त भाव, वर्षाचे पंचवीस हजार, हे हायब्रिड घ्यायच्या हेतूच्याच उलट आहे. हायब्रिड आपण पेट्रोल वाचवायला घेतली ना भाऊ.

नंदुरबार-नवापूरकडच्या लोकांना तर सांगायलाच नको, बॉर्डर ओलांडून गुजरातमध्ये साधं पेट्रोल जवळपास दहा रुपयांनी स्वस्त पडतं. सुरतेला जाणार असाल तर येताना तिकडेच टाकी फुल करा, कोणतंही प्रीमियम तुम्हाला एवढा फायदा देणार नाही.

मग प्रीमियम कोणी टाकावं? ज्यांच्या गाडीला कंपनीनेच सांगितलंय त्यांनी, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तिथे ९१ असेल तर विषय संपला. टर्बो पेट्रोलवाल्यांचं गणित वेगळं, तिथे हवा जबरदस्तीने कोंबलेली असते. आणि माइल्ड हायब्रिडवाल्यांनी, जिथे मोटर इंजिनाला फक्त मदत करते, म्हणजे एर्टिगा-ब्रेझासारख्या गाड्या, वरचं अ‍ॅटकिन्सनचं सगळं स्वतःला लावू नये, त्यांचं इंजिन नेहमीचंच असतं, पण त्यांनाही साधंच पुरतं.

एका ठिकाणी माझं मत ९५ च्या बाजूने आहे. हायब्रिड फक्त गावात फिरत असेल, घर ते दुकान दोन किलोमीटर, तर इंजिन चालू-बंद चालू-बंद होतं, पूर्ण तापतच नाही, तशात मळ जमू शकतो. अशाने चार-पाच हजार किलोमीटरला एक टाकी अ‍ॅडिटिव्हवाली टाकली तर मला पटतं, दरवेळी नाही. असंच आणखी एक, गावातल्या गावात ४५ लिटरची टाकी दीड-दोन महिने पुरते आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी येतं, आणि जिथे गर्दी असते त्या पंपावर भरा म्हणजे पेट्रोल ताजं मिळतं. गेल्या पावसाळ्यात हायवेवरच्या एका पंपावर न विचारता प्रीमियमचं नोझल लावलं होतं, बिल हातात आल्यावर कळलं, तेव्हापासून मी उतरून नोझल बघतो आणि साधं असं स्पष्ट सांगतो.

वाचलेल्या तीन हजारातून शालकाला मी दोन कामं सांगितलीत. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा चेक, आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाते ती जाळी साफ ठेवणं. त्याचं जिनिंगचं काम आहे, कपडे-गाडी सगळीकडे कापसाचा तूस असतो, ती जाळी बुजली तर बॅटरी तापणार. गाडी आली की पहिल्याच रविवारी ती जाळी कुठे असते ते त्याला दाखवायला मी शिरपूरला जाणार आहे.